चौतीसच्या गाडीत एकोणचाळीसचं इंजिन

वैनी,

तुमच्या मातीला आलेल्या माणसांत जळकोटचा एक म्हातारा होता. तरणा असताना तो आपल्या गाडीनं तुळजापूरला जायचा म्हणे. माती देऊन आम्ही विहिरीवर हातपाय धूत होतो, तेव्हा तो शेजारच्या पोरांना सांगत होता की निजामाच्या काळात मुरुमच्या ह्या बाईच्या मोटारीला हैदराबादच्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं विमानाचं इंजिन बसवून दिलं होतं, म्हणून ती चढ चढायची. पोरं मन लावून ऐकत होती. त्याचं खोडून काढायचा तो दिवस नव्हता. पण तुम्ही तिथं असता तर हातातला तांब्या खाली ठेवून त्याला विचारलं असतं, "बाबा, तू बगितलास का त्या गोऱ्याला?"

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. विमानाचं नव्हतं आणि गोराही नव्हता. चौतीस सालच्या गाडीत एकोणचाळीस सालचं इंजिन होतं, आणि ते तिथं बसलं ते तुमच्यामुळं. तुम्हाला हे सगळं माझ्याइतकंच ठाऊक. तरी सांगतो, कारण तुमच्यासमोर मी हे सरळ कधी बोललो नाही. आपलं बोलणं म्हणजे निम्मं भांडणच असायचं.

अण्णाच्या शेवटच्या फेरीपासूनच सांगायला पाहिजे. माझा थोरला भाऊ त्या मंगळवारी अंगात ताप घेऊन गाडीवर गेला. तुम्ही नको म्हणालात, मी म्हणालो की मी जातो. पण देवीचा वार, गाडी भरलेली, तो ऐकतोय कुठला. परत येताना नळदुर्गच्या पुढं रेडिएटरचं पाणी आटलं. तापाच्या गुंगीत त्याच्या ध्यानात आलं तोवर इंजिन लालभडक झालं होतं. कुणीतरी ओढ्यातनं घागर भरून आणली आणि त्यानं ती तशीच ओतली. एरवी त्यानं असं कधीच केलं नसतं. तापल्या इंजिनाला गार पाणी दाखवायचं नाही, ही त्यानं मला शिकवलेली पहिली गोष्ट. ब्लॉक तडकला. तरी वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर थांबत, पाणी ओतत त्यानं गाडी मुरुमला आणली, माणसं उतरवली, सामान खाली काढून दिलं आणि घरात येऊन अंथरूण धरलं. विषमज्वर होता. तो पुन्हा उठला नाही.

सगळे विधी आटोपल्यावर मी गाडीचं तेल काढून बघितलं. तेलाचं ताक झालं होतं. पाणी आत शिरलेलं. ओतीव लोखंड ते, झाळून टिकणारं नव्हतं. लढाई चालू होती, विलायतेहून सुटा भाग येणं बंद झालेलं. सोलापूरच्या दुकानदारानं मला नुसता हात हलवून दाखवला. गाडी आपल्या अडतीच्या मागच्या पडवीत उभी राहिली, आणि तुमच्या पदरात शांता आणि महादेवी, दोघी अजून शाळेतही न जाणाऱ्या.

मग सगळे आपापलं बोलायला लागले. काकांचं म्हणणं, गाडी भंगारात काढावी आणि फेरीचा परवाना त्यांच्या मुलाच्या नावावर करावा. आळंदहून तुमचे भाऊ आले. ते म्हणाले, ताई अजून लहान आहे, आपल्यात बाईला पुन्हा उभं राहता येतं, वर्ष झालं की उडकी, म्हणजे दुसरं लग्न, लावून देऊ, पोरींचं बघून घेऊ. कुणी वाईट बोलत होतं असं नाही. सगळे तुमच्या भल्याचंच बोलत होते, आणि तुम्हाला कुणी विचारत नव्हतं.

तुम्ही सगळ्यांना चहा दिला आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिलात. डोक्यावरचा पदर तसाच, आवाजही नेहमीचा. म्हणालात, "परवाना माझ्या मालकाच्या नावावरचा हाय. पावसाळ्याच्या आत गाडी रस्त्यावर आली तर सरकार त्यो माझ्या नावावर करतंय, म्या कचेरीत इचारून आणलंय. गाडी चालली तर म्या इथंच ऱ्हाती. न्हाय चालली तर कुणीबी, कुठंबी न्या. मंग म्या एक सबद बोलत न्हाय."

तुम्ही कचेरीत कधी गेला होतात, कुणाबरोबर गेला होतात, हे मला आजही माहीत नाही. काकांनी माझ्याकडं बघितलं. गाडीतलं कळणारा घरात मी एकटाच. मी म्हणालो, चालणार नाही. खरं तेच सांगितलं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं भाकरी करपल्यावर तव्याकडं बघतात, आणि आत गेलात.

दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "भावजी, इंजिन गेलंय. गाडी न्हाय गेली. दुसरं इंजिन घाला."

"दुसरं कुठलं?"

"नळदुर्गाकडं इनामदाराची मोटार हाय की. पुलावरनं पडल्याली."

ती गाडी मला माहीत होती. आपल्याच कंपनीची, पण एकोणचाळीस सालची, लहान मोटार, साहेब लोकांची. ओढ्याच्या पुलावरनं घसरून खालच्या खडकावर पोटावर आपटली होती. गिअरबॉक्स फुटली, मागचा धुरा वाकला, पण तोंड शाबूत. ओढून आणून ती इनामदाराच्या वाड्याच्या आवारात ठेवली होती. इंजिन जवळजवळ नवं. तिच्यावर सोलापूरच्या निम्म्या भंगारवाल्यांचा डोळा होता आणि इनामदाराच्या माणसांनी सगळ्यांना फाटकावरनं परत लावलं होतं. साहेब हैदराबादला राहायचे, त्यांच्या परवानगीशिवाय खिळा हलणार नाही, असं उत्तर. मी तुम्हाला हे सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की मॉडेल वेगळं आहे, कंपनी एक असून उपयोग नाही.

तुम्ही म्हणालात, "साहेब हैदराबादला हाईत, पर बेगमसाहेबा तर हितंच हाईत न्हवं?"

बैलगाडीनं गेलो. फाटकावर मला थांबवलं आणि तुम्हाला सोडलं, कारण तुम्हाला अडवायचं कसं हे त्या पहारेकऱ्याला सुचलं नाही. तुम्ही जनान्यात गेलात. मी लिंबाखाली बसलो. आतनं बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग एकदम बायकांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात तुमचंही. अण्णा गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तुम्ही मला सगळं सांगितलंत. बेगमसाहेबांनी तुमचं पूर्ण ऐकून घेतलं, पोरींची नावं विचारली, खायला खजूर दिले. मग म्हणाल्या, "हमारे साहब साल में एक बार आते. गाड़ी को खिड़की में से देखते, खुश होते, चले जाते. उनों इंजन खोल के थोड़ी देखते? डब्बा इधरीच खड़ा रहने दो, अंदर का तुम ले जाओ." तुम्ही विचारलंत की त्याबद्दल काय द्यायचं. त्या म्हणाल्या, पैसे नको. आमच्या बायकांना दवाखान्याला, माहेराला, दर्ग्याच्या उरुसाला जायचं असतं आणि तुमच्या मोटारीत पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. मागच्या दोन बाकांना पडदा लावा. तुम्ही तिथल्या तिथं कबूल केलंत.

गाडीला कधी पडदा असतो का, असं मी पुटपुटलो. तुम्ही म्हणालात, "आजवर न्हवता. आता ऱ्हाईल."

इंजिन बैलगाडीतनं कडब्यावर ठेवून आणलं. पडवीच्या तुळईला साखळी बांधून आधी जुनं इंजिन वर उचललं. ते बाहेर काढताना माझे हात चालेनात. त्या इंजिनाला शेवटचा हात अण्णाचा लागला होता. तुम्ही पलीकडं साखळी धरून होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण साखळी सैल पडली नाही.

नवं इंजिन खाली सोडलं, तेव्हा मी आधीच जे सांगितलं होतं ते सगळं खरं ठरलं. जुन्या इंजिनाचा पुढचा पाय एकच, मधोमध. नव्याला दोन पाय, दोन्ही अंगांना. चासीचा पुढचा आडवा पट्टा नेमका नव्याच्या तेलाच्या भांड्याखाली येत होता. पंखा वर, रेडिएटरला घासणारा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजिनाच्या पाठीची भोकं आणि आपल्या जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाची भोकं, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पाच वर्षांत कंपनीनं सगळं बदललं होतं.

मी पाना खाली ठेवला. म्हणालो, "बसत न्हाय."

"कशानं बसंल?"

"चासी कापाय लागंल. पुढचा पट्टाच काढाय लागंल."

"मंग कापा."

तिथं आपलं भांडण झालं. खरं भांडण. मी म्हणालो, ही अण्णाची गाडी आहे. त्यानं सोलापूरला उभं राहून हिची बॉडी बांधून घेतली, लाकूड स्वतः निवडलं. आज कापली तर उद्या लढाई संपल्यावर हिचं खरं इंजिन आलं तरी ते बसणार नाही. अण्णाची गाडी कायमची जाईल. थांबू, तोवर मी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून जातो, घर चालवतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग तुम्ही जे बोललात ते मी जन्मात विसरलो नाही.

"भावजी, तुमाला त्यांची गाडी जपायची हाय. मला माझी चालवायची हाय. तुमचा भाव गेलाय, माझा नवरा गेलाय, आमचं दोघांचंबी खरं हाय. पर ती गाडी पडवीत हुबी ऱ्हाऊन त्ये परत येत न्हाईत. म्या लई वाट बगितली, रोज संध्याकाळी. तुमाला वाटतं मला कापवतंय?"

मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही करवतीला तेल लावत बसला होतात. वेड्यासारखी ती लाकडाची करवत होती. मला हसू आलं आणि तुम्हालाही. मग मी लोखंडाची आणली. पट्टा कापताना तुम्ही दुसऱ्या बाजूनं धरून होता, आणि तो सुटून खाली पडला.

त्यानंतरचं काम माझं होतं, हे मात्र मी मोठ्यानं सांगतो. इथं मी माझी फुशारकी मारणार, तुम्ही नेहमीसारखं मान हलवत ऐका. चासीच्या दोन्ही अंगांना जाड पट्टीचे नवे पाय बसवले. झाळायचं यंत्र नव्हतं, म्हणून लोहाराचा भाता पडवीत आणला आणि तांबडे रिवेट ठोकले. रेडिएटर बोटभर पुढं सरकवला, पंख्याची पाती थोडी छाटली. आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधे घालायला एक जाड पत्रा कापला, जिनिंगच्या मोडक्या बॉयलरमधला. त्याच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. इंजिनाच्या पाठीला काजळी फासून त्यावर कागद दाबला की भोकांचा ठसा येतो. तसे दोन ठसे घेतले, एकावर एक ठेवून मध्य जुळवला आणि पत्रा घेऊन सोलापूरला गेलो. तिथल्या एका गिरणीच्या कारखान्यातल्या लेथवाल्यानं तो माझ्यासमोर फिरवून दिला. पत्र्याच्या जाडीमुळं गिअरबॉक्सचा दांडा इंजिनात पोचत नव्हता, म्हणून एक लांब पितळी बूशही त्यानंच करून दिलं.

परत येताना करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं पिशवी उघडली. इंग्रजी हद्दीतनं निजामाच्या हद्दीत लोखंड येतंय म्हटल्यावर त्याचे कान उभे राहिले. हे काय, म्हणाला. मी म्हणालो, मोटारीचा तुकडा आहे. तो म्हणाला, मोटारीला असला तुकडा नसतो, मी रोज मोटारी बघतो. त्याचं खरंच होतं. असला तुकडा जगात कुठल्याच मोटारीला नव्हता. शेवटी मी त्याला कागद मांडून सगळं समजावून सांगितलं. त्याला त्यात इतका रस आला की त्यानं आपल्या जमादाराला बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग जकात न घेताच सोडलं, आणि म्हणाला, "चली तो मेरे कू बोलना."

चालली. सकाळची वेळ होती. तुम्ही इंजिनाला विभूती लावलीत. मी हँडल मारलं, पहिल्यांदा नुसता सुस्कारा, दुसऱ्यांदा खोकला, आणि मग ते जे धरलं ते धरलंच. जुन्या इंजिनाचा आवाज खडखड्या होता. हे असं चाललं जसं कुणी आतल्या खोलीत जातं ओढतंय. शांता घाबरून तुमच्या पायाला बिलगली. काका पडवीच्या दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "लागलं व्हय?" तुम्ही म्हणालात, "लागलं, मामंजी." एवढंच. दुसऱ्या कुणी त्यांना तेव्हा काय काय ऐकवलं असतं.

पण रस्त्यावर घेतल्यावर कळलं की दुसरा गिअर टिकत नाही. चढावर जोर आला की गिअरचा दांडा उडून मधे येतो. पत्र्याचा मध्य कुठंतरी केसभर चुकला होता. तो काढून पुन्हा बसवायचा तर सगळं उतरवायला हवं, आणि मोटार तपासणारे साहेब दोन दिवसांनी नळदुर्गच्या डाकबंगल्यावर येणार होते. ती तारीख गेली तर पावसाळा लागणार, परवाना जाणार.

मी म्हणालो, "दुसरा गिअर निसटतोय. चढावर हातानं धरून ठेवाय लागतंय, आन् माझा हात ष्टेरिंगवर."

तुम्ही म्हणालात, "मंग म्या धरती."

साहेब आले. उस्मानाबादचे, चष्मा लावलेले, अंगानं बारीक. बॉनेट उघडलं आणि ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "ये इंजन इस गाड़ी में नहीं बैठ सकता."

मी सांगायला तोंड उघडलं, पण तुम्ही पुढं झालात. तुमची ती मोडकी हिंदी मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "बैठ्या, साहेब. अब तुमबी बैठो. तुळजापूर दिखाते."

त्यांच्या शिपायाला हसू आलं, ते त्यानं खोकून दाबलं. साहेब हसले नाहीत. पण बसले. पुढं इंजिनाची धग लागते म्हणून तुम्ही त्यांना मागच्या पहिल्या बाकावर घोंगडी अंथरून दिलीत. मागं धान्याची पोती आणि हौसेनं जमलेली नळदुर्गची माणसं, गाडी गच्च भरलेली. आणि पुढं माझ्या डाव्या हाताला तुम्ही बसलात. पदर मोठा करून घेतलात आणि तो गिअरच्या दांड्यावर सोडलात.

तुळजापूरचा तो चढ, वैनी. जुन्या इंजिनाला तिथं अर्धी माणसं उतरवावी लागायची, ती पायी वर चालत यायची आणि माथ्यावर पुन्हा बसायची. सगळ्यांना तशी सवयच होती. पायथ्याला मी गाडी सावकाश केली तर मागं दोघंजण उतरायला उठलेसुद्धा. मी म्हणालो, बसा. दुसरा घातला आणि तुमचा हात पदराखाली दांड्यावर आवळला.

गाडी चढायला लागली. मी एकदाच तुमच्याकडं बघितलं. तुम्ही समोर रस्त्याकडं बघत होता, चेहरा देवळात बसल्यासारखा शांत, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हात थरथर थरथर कापत होता. तो दांडा माणसाला कसा ओढतो हे मला ठाऊक आहे. पुरुषाचा हात सुटतो. तुम्ही दुसरा हातही पदराखाली नेलात. वळणावर गाडी जड झाली, इंजिनाचा सूर खाली गेला, मला वाटलं आता उडणार. तुम्ही ओठ न हलवता म्हणालात, "चालवा तुमी." मी चालवली. रेडिएटरमधनं वाफेचा एक धागासुद्धा आला नाही. माथ्यावर आलो, देवळाचा कळस दिसला, आणि मागनं कुणीतरी देवीचा जयजयकार केला. मी गिअर बदलला, तेव्हा तुमचा हात मांडीवर आला. तळव्याला फोड आले होते, एक फुटलाही होता. तुम्ही मूठ मिटून घेतलीत.

साहेब उतरले. बॉनेटला हात लावून बघितला. मग मला नाही, तुम्हाला म्हणाले, "किसने बिठाया?"

तुम्ही म्हणालात, "मेरे देवर ने." साहेबांनी तिथंच कागदावर सही केली.

वैनी, ते तुमच्यामुळं बसलं असं मी त्या वेळी बोलायला हवं होतं, असं नाही म्हणत. तुम्ही मला बोलू दिलं नसतंत. पण लोकांनी ते तुमचं उत्तर उचललं, आणि पुढं सगळ्या तालुक्यात माझं नाव झालं. जळकोट, बेंबळी, कुठल्या कुठल्या गावांतनं माणसं गाड्या घेऊन यायला लागली, ह्याचं त्यात बसवून द्या म्हणून. पुढचा माझा सगळा धंदा त्या एका उत्तरावर उभा राहिला. तुम्ही ते समजून उमजून दिलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

गिअरचा दोष आपण आल्या आल्या काढला. पत्रा उतरवला, मध्य पुन्हा धरला, दोन खुंट्या ठोकल्या, आणि त्यानंतर त्यानं कधी त्रास दिला नाही. पडदा लागला. हिरव्या कापडाचा, तुम्ही स्वतः शिवलेला. आधी इनामदारांकडच्या बायका बसायच्या, मग मोमीन गल्लीतल्या, मग आपल्या लिंगायत सासुरवाशिणी, मराठ्यांच्या लेकी, सगळ्याच. बायका म्हणायच्या, आम्ही पडद्याच्या गाडीनं जाणार. दुसऱ्या मोटारवाल्यांनी लढाईपायी पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालवायला गाडीमागं पिंप लावले, पेट्रोलची कुपनं मिळेनात म्हणून फेऱ्या कमी केल्या. आपणही कमी केल्या. पण आपली गाडी कधी रिकामी गेली नाही. पहिले काही महिने तुम्ही रोज त्या मागच्या बाकावर बसून तिकिटं फाडलीत. लोक काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं, मीही ऐकलं. मग तेही थांबले.

पुढं गडबडीची वर्षं आली. रझाकारांच्या दिवसांत आणि नंतर फौज आली त्या दिवसांत त्या पडद्यामागं बसून कोण कुठं गेलं, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगत नाही. दोन्हीकडची माणसं होती, एवढंच लिहितो. त्या फेऱ्यांना तिकीट नव्हतं.

आपला वाद मात्र राहूनच गेला. मी म्हणायचो, गाडी अण्णाचीच होती, आपण फक्त इंजिन बदललं. तुम्ही म्हणायच्या, चासी कापली, पाय बदलले, पंखा बदलला, आता ती त्यांची कशी? दर दिवाळीला निघायचा हा विषय. शांताचा नवरा एकदा म्हणाला, कागदावर जिचं नाव तिची. आपण दोघंही त्याच्यावर तुटून पडलो, की तुला गाडीतलं काय कळतंय. दवाखान्यात मागच्या महिन्यात मी उशाशी बसलो होतो तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "भावजी, निम्मी त्यांची म्हणा. म्हातारी झालीया म्या, सोडती निम्मी." मी म्हणालो, मी नाही सोडत. तुम्ही हसलात, मग खोकला आला, मग नर्सनं मला बाहेर काढलं. त्यानंतर आपलं धड बोलणं झालं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, म्हणजे नेहमीसारखंच झालं.

जे बोललो नाही ते एवढंच आहे. मी आयुष्यभर इंजिनं बसवली. चांगली बसवली, लोक अजून नाव काढतात. पण इंजिन बसेल असं एखाद्यानं आधी म्हणावं लागतं, ते मला कधीच जमलं नाही. मी आधी बसत नाही असंच म्हणायचो, आणि मग मनात तुम्ही विचारायच्या, कशानं बसंल? तेवढ्यावर माझा धंदा चालला. असली वैनी आपल्या घरात आली, आणि मी तिचा दीर म्हणून ओळखला गेलो, ह्याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या हातांचाही नाही. मालकीण म्हणून तुम्ही गाडीपुढं उभ्या राहायच्या तेव्हा मी मुद्दाम चाव्या तुमच्या हातात द्यायचो, चार लोकांसमोर. तुम्हाला ते लक्षात आलं होतं का, कोण जाणे.

काल महादेवी आली होती, समाधीच्या दगडावर काय कोरायचं ते विचारायला. पाथरवट उद्या येणार. तिनं कागदावर तुमचं नाव, खाली अण्णाची पत्नी असं लिहून आणलं होतं. मी वाचलं. बरोबरच आहे म्हणालो, पण अजून एक ओळ घाल. तिनं विचारलं, कुठली. मी तिच्याकडनं पेन घेऊन खाली लिहिलं, "मोटारमालक, मुरुम."

काकांचा नातू तिथंच बसला होता. तो म्हणाला, बाईच्या समाधीवर असं कुणी लिहितं का. महादेवीनं त्याच्याकडं बघितलं. डोक्यावर पदर नव्हता, बाकी सगळं तुमचं होतं.

ती म्हणाली, "आजवर नव्हतं लिहिलेलं," आणि कागदाची घडी घालून उठली. पाथरवटाला अक्षर मोठं काढ म्हणून निरोप धाडलाय.